परदेशात राहून भारतातले म्युच्युअल फंड कसे निवडावेत: अनिवासी भारतीयांसाठी पायरीपायरीने

दुबई, सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या माणसाला भारतात पैसे गुंतवावेसे वाटले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सध्या कुठला फंड चांगला?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. पुण्यातल्या भावाला जो फंड उत्तम, तोच न्यू जर्सीतल्या बहिणीला चांगलाच महागात पडू शकतो. फंड तोच, परतावा तोच. पण तिचा कर वेगळा, तिचं चलन वेगळं आणि पैसे भारताबाहेर नेण्याचे तिचे नियमही वेगळे. म्हणून आधी तुम्ही राहता तो देश, मग पैसा कुठे खर्च होणार ते, आणि त्यानंतर फंड, या क्रमाने जाऊ.

पायरी १: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण?

इथे दोन कायदे आहेत आणि दोघांची व्याख्या वेगळी आहे. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९चा फेमा, तुमचा हेतू बघतो. नोकरी-धंद्यासाठी भारत सोडलात की त्याच्या लेखी तुम्ही तेव्हापासून अनिवासी. बँक खातं आणि गुंतवणुकीचा मार्ग यावरून ठरतो. आयकर कायदा दिवस मोजतो. साधारणपणे आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर निवासी. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तुम्ही सुट्टीवर येऊन-जाऊन असाल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

आखातातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुम्ही भारतीय नागरिक आहात, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि दुसऱ्या कुठल्याच देशात करदायित्व नाही, तर दिवस कितीही कमी भरले तरी आयकर कायदा तुम्हाला निवासी मानू शकतो. परदेशी पगारावर त्यामुळे कर लागत नाही, पण रिटर्न भरताना ही नोंद चुकवून चालत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलेल्या लोकांना म्युच्युअल फंडात अनिवासी भारतीयांप्रमाणेच गुंतवता येतं. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये स्थिरावलेली कितीतरी गोवेकर कुटुंबं या गटात येतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपतं, तेव्हा ओसीआय कार्ड हातात येईपर्यंत नवी गुंतवणूक सुरू करू नये. आणि जुन्या फोलिओत, म्हणजे फंड घराण्याकडच्या तुमच्या खात्यात, तुम्ही अजून ‘निवासी भारतीय’ म्हणून बसला असाल, तर ती नोंद आधी बदलून घ्यावी.

पायरी २: तुम्ही राहता तो देश या फंडाकडे कसं बघतो?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण भारतात लिहिलेल्या सल्ल्यांत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

अमेरिकेपासून सुरुवात करू. अमेरिकेचा नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथला कर-निवासी यांच्या हातातला भारतीय म्युच्युअल फंड हा अमेरिकी आयकर खात्याच्या लेखी ‘पीएफआयसी’, म्हणजे निष्क्रिय उत्पन्न मिळवणारी परदेशी कंपनी ठरतो. नेहमीचा सवलतीचा भांडवली नफ्याचा दर त्याला मिळत नाही. कुठलाही पर्याय निवडला नाही, तर विक्रीचा नफा तुम्ही फंड धरलेल्या सगळ्या वर्षांवर वाटला जातो, मागच्या प्रत्येक वर्षाला त्या वर्षीचा सर्वोच्च दर लागतो आणि वर उशिराचं व्याज. दुसरा पर्याय म्हणजे दर वर्षाअखेरीस फंडाचं बाजारमूल्य धरून वाढीवर कर भरायचा, एकही युनिट विकलेलं नसलं तरी. तिसऱ्या पर्यायासाठी फंडाकडून दर वर्षी एक ठरावीक माहितीपत्रक लागतं आणि भारतीय फंड घराणी ते देत नाहीत. शिवाय प्रत्येक योजनेसाठी फॉर्म ८६२१ वेगळा. सहा योजनांत एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) असेल तर सहा फॉर्म. अमेरिकेतला सीपीए, म्हणजे तिथला सीए, अशा एकेका फॉर्मचे पैसे घेतो, आणि महिन्याला पाच-दहा हजार रुपयांची एसआयपी असेल तर ही फीच परतावा खाऊन टाकते.

एकूण पीएफआयसी गुंतवणूक २५,००० डॉलरच्या आत असेल (पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर ५०,०००) आणि वर्षभरात विक्री किंवा मोठा लाभांश नसेल, तर फॉर्ममधून काही प्रमाणात सुटका मिळते. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, तो वेगळाच.

अमेरिकेतच राहायचं ठरवलेल्याने भारतीय म्युच्युअल फंडाच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. भारताच्या वाढीत वाटा हवा असेल तर अमेरिकेच्या बाजारात सूचीबद्ध असलेले भारत-केंद्रित ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड, आहेत. आयशेअर्सचा एमएससीआय इंडिया हा त्यातला मोठा. तो अमेरिकी फंड असल्याने पीएफआयसीची भानगडच येत नाही, तुमच्या नेहमीच्या ब्रोकरेज खात्यातून घेता येतो. दोन-चार वर्षांच्या कामासाठी अमेरिकेत गेलेल्यांचं गणित वेगळं. भारतातून निघण्यापूर्वीच जुन्या युनिट्सचं काय करायचं ते ठरवा. तिथले कर-निवासी झाल्यानंतर विकलेल्या युनिट्सना हे सगळे नियम लागू होतात.

अमेरिका आणि कॅनडातल्या गुंतवणूकदारांना काही भारतीय फंड घराणी मुळात घेतच नाहीत. काही फक्त कागदी अर्ज घेतात, काही तुम्ही प्रत्यक्ष भारतात असताना सही केलेलाच अर्ज स्वीकारतात. पैसे पाठवण्याआधी त्या घराण्याला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कॅनडात परदेशी मालमत्तेची खरेदी किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की टी-११३५ फॉर्म भरावा लागतो.

ब्रिटनची अडचण वेगळी. तिथल्या करखात्याकडे ‘रिपोर्टिंग फंड’ म्हणून नोंद नसलेल्या परदेशी फंडाचा नफा भांडवली नफा म्हणून धरला जात नाही, तो उत्पन्न धरला जातो आणि त्यावर उत्पन्नाच्या चढ्या दराने कर बसतो. भारतातले सामान्य म्युच्युअल फंड अशी नोंदणी करत नाहीत. ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्यांसाठी मात्र ६ एप्रिल २०२५पासून नवी व्यवस्था आली आहे. आधीची सलग दहा वर्षं तुम्ही तिथले कर-निवासी नसाल, तर पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर आणि नफ्यावर सवलत मागता येते.

आता संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर. भारतीय म्युच्युअल फंड सगळ्यात सोयीचा पडतो तो इथल्यांना. अमिरातीत पगारावर वैयक्तिक आयकर नाही. त्यातच भारताने या दोन्ही देशांशी केलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत असं कलम आहे की शेअर, जमीनजुमला वगैरे स्वतंत्रपणे नमूद केलेल्या मालमत्ता सोडून बाकीच्या मालमत्तेच्या विक्रीचा नफा फक्त राहत्या देशात करपात्र. भारतातला म्युच्युअल फंड हा न्यास असतो, त्यामुळे त्याचं युनिट म्हणजे शेअर नव्हे, असा युक्तिवाद करून करदात्यांनी भारतातला कर टाळला आहे. सिंगापूरच्या रहिवाशाच्या बाबतीत मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२५मध्ये हे म्हणणं मान्य केलं. मात्र हा फायदा आपसूक मिळत नाही. राहत्या देशाच्या करखात्याचं निवासाचं प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी, त्या-त्या वर्षाचं हवं, आयकर पोर्टलवर परदेशी रहिवाशाचा जोडफॉर्म भरावा लागतो आणि रिटर्नमध्ये करारातल्या कलमाचा दावा करावा लागतो. रक्कम मोठी असेल तर हे काम अशा प्रकरणांची सवय असलेल्या सीएकडूनच करून घ्या.

अमेरिका आणि ब्रिटनशी असलेल्या करारांत असं कलम नाही, दोन्ही देश आपापल्या कायद्याने कर लावतात. भारतात भरलेल्या कराची वजावट तिकडे मागता येते, एवढंच. आणि दुबईत राहणारा ग्रीन कार्डधारक अमेरिकेच्या नियमांतून सुटत नाही, हेही विसरू नये.

पायरी ३: खातं कुठलं?

परदेशी गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमाला धरून नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घ्यावं लागतं. कितीतरी लोकांची एसआयपी वर्षानुवर्षं जुन्या पगार खात्यातूनच कापली जात असते, बँकही विचारत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असा समज होतो. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमची एसआयपी अशी चालू असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते काम करा.

एनआरई खात्यात परदेशातली कमाई येते. मुद्दल आणि नफा हवा तेव्हा बाहेर नेता येतो, आणि खात्यातलं व्याज भारतात करमुक्त. एनआरओ खात्यात भारतातली कमाई जाते: कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, लाभांश, वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीचे पैसे. एनआरओतून बाहेर नेण्याला आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे आणि सीएचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या आयकर कायद्यात १५सीए-१५सीबी म्हणतात ते हेच. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुने लेख वाचताना क्रमांकापेक्षा विषय बघा.

फंड विकला की पैसे ज्या प्रकारच्या खात्यातून आले होते त्याच प्रकारच्या खात्यात जातात. एनआरईतून घेतलेल्या युनिट्सचे पैसे एनआरईत, एनआरओतून घेतलेल्यांचे एनआरओत. म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळे फोलिओ ठेवा. एकाच फोलिओत दोन्हीकडचे पैसे मिसळले की दहा वर्षांनी कुठलं युनिट कुठल्या पैशाचं, हे सिद्ध करताना जुनी बँक स्टेटमेंट शोधत बसावं लागतं. भारतात असताना घेतलेली जुनी युनिट्स विकायची सक्ती नाही. ती ठेवता येतात, फक्त स्टेटस आणि बँक खातं बदलून घ्यायचं आणि त्यांचे पैसे एनआरओत येणार हे गृहीत धरायचं.

डॉलर किंवा दिरहममध्ये भारतातल्या फंडाला थेट पैसे देता येत नाहीत, आधी ते रुपये होऊन खात्यात यावे लागतात. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतून डॉलरमध्ये चालणारे फंड हा वेगळा मार्ग आहे. त्याचे नियम आणि किमान रकमाही वेगळ्या, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही.

पायरी ४: केवायसी, आणि नावाचा घोळ

कागद मोजकेच: पॅन, पासपोर्ट, व्हिसा किंवा निवासी परवाना (परदेशी नागरिक असाल तर ओसीआय कार्ड), परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, फोटो. परदेशातून पाठवत असाल तर प्रती भारतीय वकिलात, नोटरी किंवा भारतीय बँकेची परदेशी शाखा यांच्याकडून साक्षांकित कराव्या लागतात. सुट्टीवर घरी आलात की हे काम करून टाकणं सगळ्यात सोपं, पण ते सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे काही खुसपट निघालं तर निस्तरायला वेळ राहतो.

आपल्याकडच्या अर्जांत खुसपट निघतं ते बहुतेक वेळा नावात. आपण नाव लिहितो स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. पॅनवर तिन्ही नावं सुटी. बँकेने मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर घेतलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर मधलं नावही बदलतं: पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत दोन्हींची सरमिसळ. केवायसीची यंत्रणा नाव आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघते, एखादं अक्षर इकडेतिकडे असलं तरी अर्ज अडकतो. म्हणून पॅन, पासपोर्ट आणि बँकेचं स्टेटमेंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी पॅन दुरुस्त करा, कारण बाकी सगळं पॅनवर टांगलेलं आहे.

अनिवासींना आधार जोडण्यातून सूट आहे, पण ती मिळण्यासाठी आयकर पोर्टलवर तुमचं स्टेटस ‘अनिवासी’ असायला हवं. ते निवासीच राहिलं असेल तर पॅन निष्क्रिय होऊ शकतो, आणि मग टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, जास्त कापला जातो.

अर्ज गेल्यावर केवायसी नोंदणी संस्थेच्या साइटवर पॅन टाकून स्थिती बघा. ‘व्हॅलिडेटेड’ असेल तर कुठल्याही फंड घराण्यात चालते. ‘रजिस्टर्ड’ असेल तर जिथे आधीच खातं आहे तिथे अडचण नाही, नव्या घराण्यात कागद पुन्हा द्यावे लागतात. ‘ऑन होल्ड’ म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत व्यवहार बंद. अर्जाबरोबर फॅटका-सीआरएसचा भागही भरायचा असतो: तुम्ही कुठल्या देशाचे कर-निवासी आणि तिथला कर क्रमांक काय. ही माहिती त्या देशाच्या करखात्याकडे जाते. तेव्हा भारतातली गुंतवणूक तिकडे कळणार नाही अशा भरवशावर कोणी राहू नये.

पायरी ५: हा पैसा शेवटी कुठल्या चलनात खर्च होणार?

नाशिकला घर घ्यायचंय, आईवडिलांच्या औषधपाण्याची तरतूद करायचीय, निवृत्तीनंतर रत्नागिरीला परतायचंय, तर तुमचा खर्च रुपयात आहे आणि रुपयातली गुंतवणूक नैसर्गिक आहे. मुलीच्या टोरांटोतल्या शिक्षणासाठी पैसे साठवत असाल, तर परताव्यातून रुपयाची घसरण वजा करायला शिका.

जानेवारी २०१४मध्ये डॉलर साधारण ६२ रुपयांना होता, जानेवारी २०२४मध्ये साधारण ८३. म्हणजे दहा वर्षं दरसाल सुमारे ३ टक्के घसरण. या काळात एखाद्या फंडाने रुपयात १२ टक्के दिले असतील, तर डॉलरमध्ये हातात आले पावणेनऊच्या आसपास, तेही कराआधी. डिसेंबर २०२५मध्ये तर डॉलरने नव्वदी ओलांडली. तेव्हा तुलना करायची ती ‘फंडाचे १२ विरुद्ध इथल्या बँकेचे ४’ अशी नाही, तुमच्या देशातला कमी खर्चाचा जागतिक निर्देशांक फंड त्याच काळात त्याच चलनात किती देऊन गेला, याच्याशी.

डेट फंड, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे ठेवणारे फंड, अनिवासीला क्वचितच परवडतात. १ एप्रिल २०२३नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी उत्पन्नात मिळवून कर लागतो, आणि टीडीएस सेससह (उपकर धरून) ३१.२ टक्के कापला जातो. त्याच पैशाची एनआरई मुदत ठेव केली तर व्याज भारतात पूर्ण करमुक्त, आणि परकीय चलनातच ठेवायच्या एफसीएनआर ठेवीत चलनाची जोखीमही नाही. एप्रिल २०२०मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना गुंडाळल्या, तेव्हा हे फंड म्हणजे मुदत ठेव नव्हे हे लोकांना उमगलं. पुढे पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण मधल्या काळात ते अडकून पडले. सुरक्षित भागासाठी ठेव आणि वाढीसाठी इक्विटी, म्हणजे शेअर्समध्ये गुंतवणारा, फंड, एवढी विभागणी बहुतेकांना पुरते.

पायरी ६: आता फंड

बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑक्टोबर २०१७मध्ये योजनांचं वर्गीकरण केलं, त्यामुळे नावांचा गोंधळ बराच कमी झाला. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, २५१पासून पुढे स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसे पहिल्या शंभरातच ठेवावे लागतात. फ्लेक्सी कॅपला किमान ६५ टक्के शेअर्समध्ये ठेवले की आकाराचं बंधन नाही. मल्टी कॅपला तिन्ही आकारांत किमान २५-२५ टक्के ठेवणं सक्तीचं.

व्यवस्थापकाला शंभरच कंपन्यांत फिरायचं असेल, तर निर्देशांकाला मागे टाकायला वाव थोडाच उरतो, आणि त्यासाठी तुम्ही जास्त शुल्क मोजता. म्हणून लार्ज कॅपच्या जागी मी निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा इंडेक्स फंडच, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, घ्यायला सांगतो. इंडेक्स फंड निवडताना दोनच गोष्टी बघा: खर्चाचं प्रमाण आणि निर्देशांकापेक्षा तो दर वर्षी किती मागे राहिला ते. तुम्ही पाच हजार किलोमीटर दूर आहात, फंड मॅनेजर बदलला का, याच्यावर नजर ठेवायला वेळ नाही. इंडेक्स फंडाला ती नजर लागत नाही.

त्याच्या जोडीला एक फ्लेक्सी कॅप, आणि जोखीम पचत असेल तर थोडासा मिड कॅप. बस्स. तीन योजना पुरे. दहा योजना घेतल्या तरी आतले शेअर बहुतेक तेच असतात, वाढतो तो फक्त कागदांचा पसारा. आणि टीडीएसचे तुकडे.

सक्रिय फंड, म्हणजे व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो तो, निवडताना गेल्या वर्षाचा परतावा बाजूला ठेवा. योजनेचं फॅक्टशीट उघडा आणि लाभांशासहित निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी तुलना बघा. फेब्रुवारी २०१८पासून ही तुलना बंधनकारक आहे. मग रोलिंग परतावा, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना सुरू होणारे पाच-पाच वर्षांचे तुकडे. चांगला फंड बहुतेक तुकड्यांत निर्देशांकाच्या थोडा पुढे असतो. एखाद्याच तुकड्यात गगनाला भिडलेला फंड मला विश्वासार्ह वाटत नाही.

पडझडीची तयारी आकड्यांनी करा. जानेवारी २०२०मध्ये १२,४००च्या आसपास असलेला निफ्टी मार्चच्या चौथ्या आठवड्यात ७,६००च्या घरात आला होता. स्मॉल कॅप निर्देशांक तर जानेवारी २०१८च्या शिखरापासून तोवर निम्म्याहून अधिक पडला होता. योजनेची जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरवर सहा पातळ्या असतात आणि जवळजवळ सगळे इक्विटी फंड शेवटच्या, ‘अति उच्च’ पातळीवर बसतात. पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा इथे ठेवूच नका.

काय घेऊ नये तेही सांगतो. नवी योजना निघाली की ‘दहा रुपयांना युनिट’ म्हणून मेसेज फिरतात. दहा रुपयांचं युनिट दोनशेच्या युनिटपेक्षा स्वस्त नसतं, आतले शेअर बाजारभावानेच घेतलेले असतात. करबचतीचा ईएलएसएस फंड तीन वर्षं अडकून राहतो, आणि त्याची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. अनिवासीला भारतात मोठं करपात्र उत्पन्न नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. भारतातून अमेरिकी शेअर्समध्ये गुंतवणारे फंडही तुमच्यासाठी नाहीत, तुम्ही ते तिथूनच स्वस्तात घेऊ शकता. आणि लाभांशाचा, म्हणजे आयडीसीडब्ल्यूचा पर्याय टाळा: दर वेळी टीडीएस कापला जातो. नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय घ्या.

पायरी ७: खरेदी

जानेवारी २०१३पासून प्रत्येक योजनेचे दोन प्रकार आहेत. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दर वर्षी तुमच्या पैशांतून जातं, डायरेक्टमध्ये नाही. दोन्हींतला फरक वर्षाला एक टक्का धरला, तर १० लाख रुपये २० वर्षांत १२ टक्क्यांनी सुमारे ९६ लाख होतात, ११ टक्क्यांनी साडेऐंशी लाख. तरीही, तुमचा वितरक सांगलीतल्या आईवडिलांच्या घरी जाऊन कागदांवर सह्या घेतो, केवायसी अडकली तर पाठपुरावा करतो, पडझडीत विकू देत नाही, तर ते कमिशन फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. बँकेतल्या अशा रिलेशनशिप मॅनेजरला मात्र देऊ नका, जो एनआरआय ग्राहक म्हटलं की आधी विमा योजना पुढे करतो.

एसआयपीसाठी बँकेकडे नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, नोंदवावी लागते. एनआरई-एनआरओ खात्यावर त्याला वेळ लागू शकतो, म्हणून पहिला हप्ता महिनाभर पुढचा ठेवा. ओटीपीसाठी परदेशी मोबाइल चालतो का हे आधी तपासा, नाही तर ईमेलवर ओटीपी मिळेल अशी सोय मागा. एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तुमचे पैसे फंड घराण्यापर्यंत पोचतात त्या दिवसाची लागते. दुपारी तीननंतर पोचले तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची.

पायरी ८: विक्री आणि टीडीएस

जुलै २०२४पासून इक्विटी फंडावर असे दर आहेत: १२ महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, नंतर १२.५ टक्के, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यातला वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा भाग माफ. निवासी माणसाला फंड विकल्यावर पूर्ण पैसे मिळतात, अनिवासीचा कर कापूनच पैसे येतात. शिवाय अनिवासीला मूळ करमुक्त मर्यादा या नफ्याला लावता येत नाही, कमी उत्पन्नाच्या निवासींना मिळणारी (जुन्या कायद्यातल्या ८७एची) सूटही मिळत नाही.

टीडीएस योजनेगणिक कापला जातो. समजा, एका योजनेत अल्प मुदतीचा ४ लाखांचा नफा झाला आणि त्याच वर्षी दुसरीत दीड लाखाचा अल्प मुदतीचा तोटा. फंड घराणं नफ्यावर सेससह २०.८ टक्के, म्हणजे ८३,२०० रुपये कापेल. तोट्याकडे ते बघणार नाही. खरा कर अडीच लाखांवर, म्हणजे ५२,००० रुपये. वरचे ३१,२०० तुमचेच आहेत, पण रिटर्न भरला तरच परत मिळतात. ‘टीडीएस कापला ना, मग रिटर्न कशाला’ म्हणणारे दर वर्षी असे पैसे सोडून देतात. कराचा हा परतावा जमा होण्यासाठी आयकर पोर्टलवर बँक खातं आधी प्रमाणित करून ठेवा.

पायरी ९: मुखत्यारपत्र, नॉमिनी, परतणं

आईवडील किंवा भावाला मुखत्यारपत्र देऊन तुमच्या वतीने व्यवहार करता येतात. कागदावर दोघांच्याही सह्या हव्यात आणि त्यात म्युच्युअल फंडाची खरेदी-विक्री स्पष्ट लिहिलेली हवी. घरभाड्यासाठी केलेलं जुनं मुखत्यारपत्र चालत नाही. नॉमिनी मात्र मुखत्याराला नेमता येत नाही, तो तुम्हालाच नोंदवायचा असतो. प्रत्येक फोलिओत नोंदवा, आणि फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स-केफिनटेक या संस्थांच्या एकत्रित स्टेटमेंटवर तो दिसतो का बघा. ते स्टेटमेंट वर्षातून एकदा जोडीदाराला ईमेलने पाठवत जा.

कायमचे परत आलात की एनआरई-एनआरओ खाती निवासी करून घ्या आणि केवायसीत स्टेटस बदला. युनिट्स विकायची गरज नसते, स्टेटस बदललं की टीडीएसची कटकटही संपते. बराच काळ बाहेर राहिलेल्यांना परतल्यानंतर साधारण दोन ते तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नसतो. तिकडचे फंड, तिकडचं निवृत्ती खातं यांचा निकाल त्या मुदतीत लावायचा का, हे परतीचं तिकीट काढण्यापूर्वीच सीएबरोबर बसून ठरवा, कारण आर्थिक वर्षाच्या कुठल्या महिन्यात उतरायचं यावरसुद्धा एक अख्खं करवर्ष इकडचं तिकडे होऊ शकतं.